माणसांच्या धाग्यांची घोंगडी

फार पूर्वी एका उंच, थंड डोंगरावरच्या किल्ल्यात एक राजा राहत होता आणि त्याला झोप येत नसे. किल्ला मजबूत होता, कोठारं भरलेली होती, शेजारचे राजे आपापल्या घरी सुखात होते. पण या राजाच्या वडलांचा घात घरच्याच माणसानं केला होता. ज्या भाच्याला त्यांनी मांडीवर खेळवलं, त्यानंच आतून दरवाजाचा अडसर काढून शत्रूला आत घेतलं होतं. राजा तेव्हा लहान होता. धान्याच्या कणगीत लपला म्हणून वाचला. पुढे तो मोठा झाला, गादीवर बसला, पण मनानं त्या कणगीतच राहिला.

कोणी हसून मुजरा केला की त्याला वाटे, हा का हसला? कोणी गंभीर चेहऱ्यानं केला की वाटे, याच्या डोक्यात काय शिजतंय? त्यानं स्वयंपाकी बदलले, पहारेकरी बदलले. मग जुन्यांपेक्षा नव्यांचाच संशय जास्त येऊ लागला.

अशात एका वर्षी तापाची साथ आली. राणी तान्ही मुलगी मागे ठेवून गेली. डोंगराखालच्या गावांत तर रडणं ऐकू आलं नाही असं घर उरलं नाही. त्या गावांपैकी एकात एक म्हातारी लोकर कातत असे. तिला काहीतरी जादू येते म्हणून लोक तिला जरा दबून असत. ती म्हातारी आपली टकळी घेऊन किल्ल्यावर आली आणि राजासमोर बसली.

"राजा, माणूस बेइमान का होतो, ठाऊक आहे?"

"लोभानं," राजा म्हणाला.

"लोभानं, भीतीनं, रागानं. कधीकधी मायेपायीसुद्धा. हे सगळं एकाच धाग्यात असतं बघ. तो धागा मला कानामागून काढता येतो. एकदा काढला की माणूस तू बसवशील तिथं बसेल आणि उठवशील तेव्हा उठेल."

"दुखतं का?"

"जे दुखतं तेच तर निघून जातं."

पहिल्यांदा आली ती तापानं रिकामी केलेली माणसं. एका बाईचा एकुलता एक मुलगा साथीत गेला होता. ती आपल्या पायानं डोंगर चढून आली आणि म्हातारीपुढे मान वाकवून बसली. "काढ बाई," ती म्हणाली, "मला हे सोसत नाही." म्हातारीनं टकळी फिरवली. धागा लांबच लांब निघत राहिला. शेवटी तो तुटला, तशी ती बाई उठली, पदरानं तोंड पुसलं आणि तिनं विचारलं, "आता काय करू?" राजानं तिला आपल्या मुलीची दाई नेमलं.

हे पाहून राजाला हुरूप आला. पहारेकरी, आचारी, पाणके, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, सगळ्यांना त्यानं रांगेत बसवलं. या वेळी विचारण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्या सगळ्या धाग्यांची म्हातारीनं एक घोंगडी विणली आणि राजाच्या खांद्यावर टाकली. "हिची वीण आहे तोवर ही माणसं तुझी," ती म्हणाली. "तुझाही धागा काढू का?"

"माझा नको," राजा म्हणाला. "मला भिता आलं पाहिजे. नाहीतर सावध कोण राहणार?"

त्या दिवसापासून राजाला गाढ झोप लागू लागली.

किल्ल्यात सगळं शिस्तीत चालू झालं. घंटा वाजली की माणसं जेवत, दुसरी वाजली की थांबत. कोणी भांडत नसे, कोणी गात नसे. एकदा आचाऱ्यानं चुलीवरचं उकळतं पातेलं उतरवलं, तेवढ्यात राजानं त्याला "थांब" म्हणून हाक मारली आणि स्वतः दुसऱ्याच कामात गुंतला. आचारी ते पातेलं हातात धरून तसाच उभा राहिला. तळव्यांची कातडी सोलून निघाली, तरी त्यानं ते खाली ठेवलं नाही. ही गोष्ट राजा पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगे. "असं इमान कुठं पाहिलंय का?" तो विचारी. पाहुणे मान डोलवत आणि घरी काम निघालं म्हणून त्याच दिवशी डोंगर उतरत.

या माणसांत राजाची मुलगी वाढत होती. राजाचा तिच्यावर फार जीव होता, पण तो जीव कसा दाखवायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. जेवायच्या वेळी तो तिच्यासमोर बसे आणि "जेव" म्हणे. ती जेवे. "नीज" म्हटलं की निजे. गावातले बाप आपल्या पोरांच्या हट्टाला कंटाळलेले असत. आपली मुलगी किती गुणी, असं राजाला वाटे.

मुलगी पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा राजा दाईला म्हणाला, "आता हिला भरवू नकोस. ताट वाढ आणि वेळ झाली की उचल. मोठी झाली ती, आपल्या हातानं जेवेल." आणि सीमेवर काही तंटा उपटला होता तो मिटवायला तो निघून गेला. येताना नदीला पूर आला आणि तो पलीकडे अडकून पडला.

परत आला तेव्हा मुलगी जमिनीवर पडलेली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. शेजारी वाढलेलं ताट होतं आणि ताटाशेजारी दाई उभी होती.

"हिनं खाल्लं का नाही?" राजा ओरडला.

"ठाऊक नाही, महाराज. मी ताट वाढत होते. वेळ झाली की उचलत होते."

पाणी पाजण्याचा जुना हुकूम कोणी मागे घेतला नव्हता, म्हणून दाई तिला पाणी तेवढं पाजत होती. त्यावरच पोर तगली होती. राजानं तिला मांडीवर घेतलं.

"बाळ, तू जेवली का नाहीस?"

"हुकूम नव्हता, महाराज," मुलगी म्हणाली.

राजाच्या अंगावर काटा आला. त्यानं तिचे केस बाजूला सारून कानामागे पाहिलं. धागा काढल्याचा वण नव्हता. दुसरा कान पाहिला, तिथंही नव्हता. मग त्यानं पेज मागवली आणि तो तिला चमच्यानं भरवू लागला. प्रत्येक घासाला त्याला "गिळ" म्हणावं लागत होतं, नाहीतर ती पेज तोंडात तशीच धरून ठेवी. बापाला असा हुकूम सोडावा लागावा, याहून वाईट काय असणार?

म्हातारीला बोलावणं गेलं. तिनं मुलीकडे बराच वेळ पाहिलं.

"हिला मी हात लावलेला नाही, राजा. पोरं जे बघतात ते शिकतात. हिनं जन्मल्यापासून कोणी रुसलेलं बघितलं नाही, कोणाला कुणाची वाट बघताना पाहिलं नाही. हिचा धागा आहे आत, पण त्याचं करायचं काय ते हिला कळत नाही. अजून काही वर्षांनी तो आतल्या आत कुजून जाईल. मग तू कितीही हुकूम सोड, ही जगायची नाही."

"उपाय सांग."

"हिच्याभोवती मनानं वागणारी माणसं हवीत. घोंगडी उसव."

"नुसता दाईचा धागा काढून दे. बाकीचे राहू देत."

"घोंगडी आहे ती, गजरा नाही एक फूल उपटून घ्यायला. सगळे धागे एकमेकांत गेलेत. उसवायची तर सगळी, आणि ती तुझ्याच हातानं उसवावी लागेल."

राजानं घोंगडी अंगाभोवती आणखी आवळून घेतली. इतक्या हत्यारबंद माणसांना त्यांचा राग एकाच दिवशी परत द्यायचा म्हणजे काय, हे त्याला न सांगता कळत होतं. त्यानं म्हातारीला वाटेला लावलं आणि त्याला जमणारी एकच गोष्ट केली, ती म्हणजे हुकूम.

सगळ्यांना त्यानं अंगणात जमवलं. "माझ्या मुलीवर माया करा," तो म्हणाला. "तिच्याकडे बघून हसा." माणसं हसली. सगळी एका सुरात हसली. तोंडं उघडी होती आणि डोळे होते तसेच होते. थांबा असं कोणी म्हटलं नव्हतं म्हणून ती हसतच राहिली. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, आपलंही तोंड तसंच उघडलं आणि तीही त्याच सुरात हसू लागली. राजानं कानांवर हात ठेवले.

"पुरे," तो म्हणाला. "मी सगळे हुकूम मागे घेतो. आजपासून ज्याला जे वाटेल ते त्यानं करावं."

हे ऐकताच माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. कोणालाच काही वाटत नव्हतं, मग करणार काय? पाणक्या कावड खांद्यावर घेऊन अंगणाच्या मधोमध उभा होता. चुली विझल्या. घोडे चाऱ्यासाठी खूर आपटू लागले. दुपारनंतर बोचरं वारं सुटलं, पाऊस आला, तरी अंगणातली माणसं हलली नाहीत. राजा सज्जात येऊन पाहतो तर त्यांच्यात त्याची मुलगीही उभी होती. हात अंगाशी धरून ती भिजत होती आणि ओठ निळे पडले होते, कारण तो हुकूम तिनंही ऐकला होता.

राजा धावत गेला. तिला उचलून आत आणलं आणि आपल्या घोंगडीत गुंडाळलं. हळूहळू तिच्या अंगात ऊब आली.

"आता बरं वाटतं का, बाळ?"

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. "काय सांगू, महाराज?" तिनं विचारलं.

राजानं माणसांना पुन्हा आपापल्या कामाला लावलं, पण त्या रात्री तो झोपला नाही. सकाळी त्यानं दाईला हाक मारली. बाकीच्यांचे धागे त्यानं न विचारता काढले होते, पण हिनं आपला धागा आपणहून दिला होता. हिला तरी विचारायला हवं, असं त्याला वाटलं.

"दाई, तुझा धागा मी परत देणार आहे. त्याबरोबर तुझं दुःखही परत येईल. चालेल का?"

"जशी आज्ञा, महाराज."

"आज्ञा नाही. मी विचारतोय. तुला हवं आहे का?"

"आज्ञा असेल तर हवं आहे."

"आणि नको असेल तर?"

"आज्ञा असेल तर नको."

राजानं हरतऱ्हेनं विचारून पाहिलं. रागावून विचारलं, हात जोडून विचारलं. पण उत्तर देणारी बाई त्या घोंगडीत होती, समोर कोणी नव्हतंच. अखेर तो अंगणात जाऊन बसला आणि घोंगडीचं एक टोक त्यानं ओढलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग स्वयंपाकघरातून किंकाळी आली. आचारी आपल्या तळव्यांकडे पाहत ओरडत होता. जखमा कधीच भरल्या होत्या, पण ओरडायचं राहून गेलं होतं. मग तटावरून रडणं ऐकू आलं, मग तबेल्यातून. तापाच्या वर्षी गेलेल्या माणसांसाठी किल्ल्यात एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी रडत होतं. मोतद्दार घोड्याच्या गळ्यात पडला होता. एक पहारेकरी तलवार उपसून राजाच्या अंगावर धावून आला. धाग्यांच्या ढिगाऱ्यात कुडकुडत बसलेला तो माणूस पाहून तो थांबला, बाजूला थुंकला आणि तलवार विहिरीत फेकून चालता झाला. एकेक करून सगळे दरवाजातून बाहेर पडले. जाताना कोणीही मुजरा केला नाही.

सर्वांत शेवटी म्हातारा द्वारपाल आला. त्यानं कमरेच्या किल्ल्या सोडल्या.

"तू तरी थांब," राजा म्हणाला. "हुकूम नाही, विनवणी आहे."

"महाराज, थोरल्या महाराजांनी मला पुरातून ओढून काढलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, या दारातून आता माझं मढंच हलेल. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला म्हातारीपुढे बसवलंत तेव्हा मी म्हणालो होतो, महाराज, मला याची गरज नाही. आठवतं का?"

राजाला आठवत नव्हतं.

"माझ्याजवळ द्यायला तेवढं एकच होतं. ते मी देत होतो, तरी तुम्ही हिसकावून घेतलंत. आज परत दिलंत, पण आता ते कोणाला द्यावंसं वाटत नाही." त्यानं किल्ल्या पायरीवर ठेवल्या आणि काठी टेकत तो डोंगर उतरू लागला.

दाई आतल्या खोलीत भिंतीला कपाळ लावून बसली होती. "सुभान," ती म्हणत होती, "माझा सुभान." बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"का परत दिलंत हे?" तिनं विचारलं.

"माझी मुलगी मरत होती."

"माझं ओझं मी माझ्या हातानं उतरवून ठेवलं होतं, महाराज. पुन्हा डोक्यावर देण्याआधी विचारायचं तरी."

"विचारलं होतं, दाई."

"कोणाला?" ती म्हणाली.

मग तिची नजर खांबाजवळ उभ्या असलेल्या मुलीवर गेली. या मुलीला तिनं रोज न्हाऊ घातलं होतं, तिची वेणी घातली होती, पण तिला पाहिलं आज पहिल्यांदाच. "किती रोडावली आहे पोर," ती म्हणाली, आणि आपणच उचललेली भरली ताटं आठवून मटकन खाली बसली. तिनं मुलीला ओढून पोटाशी धरलं. मुलगी लाकडासारखी ताठ उभी होती. दाई तिच्या केसांत तोंड खुपसून रडू लागली. काही वेळानं मुलीचा हात वर आला. तिनं दाईच्या ओल्या गालाला बोट लावलं आणि ते बोट निरखून पाहिलं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

कोणी सांगितल्या-विचारल्याशिवाय ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. राजाला भडभडून आलं. आता सगळं ठीक होईल, असं त्याला वाटलं.

पण दाई उठली. "मी निघते," ती म्हणाली. "खाली नदीकाठी माझा सुभान आहे. इतकी वर्षं त्याच्या मातीवर मी एक फूल वाहिलं नाही. ही येणार असेल तर हिलाही नेते. या भिंतींत ही माणसात यायची नाही."

"ती माझी एकुलती एक मुलगी आहे."

"म्हणूनच तिला विचारते." दाई वाकली. "बाळ, माझ्याबरोबर येतेस, की आबांपाशी राहतेस?"

मुलगी राजाकडे वळली. हात अंगाशी घेऊन सरळ उभी राहिली.

"काय हुकूम, महाराज?"

'राहा' एवढा एक शब्द पुरेसा होता. ती राहिली असती आणि जन्मभर तक्रार केली नसती. राजाच्या अंगावर आता घोंगडी नव्हती, दाराला पहारा नव्हता, ओसाड किल्ल्यातून वारं सुसाट फिरत होतं. त्याला साऱ्या जगात ही एकच पोर उरली होती. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. त्यानं तो मोठ्या कष्टानं गिळला.

"हुकूम नाही," तो म्हणाला.

"मग काय करू?"

"ते मला ठाऊक नाही, बाळ. तुझं तुलाच ठरवावं लागेल."

आपल्या चेहऱ्यावरून तिनं एखादा हुकूम वाचू नये म्हणून राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवत होती आणि तिला ते सोपं जात नव्हतं. मग छोटी पावलं वाजली. आधी ती राजाच्या दिशेनं आली. मग ती थांबली, वळली आणि दाराकडे गेली. दाईच्या पावलांबरोबर ती उतरणीवर लांब लांब जात राहिली. आवाज पुरता विरेपर्यंत राजानं मागे पाहिलं नाही. मग तो तिथंच खाली बसला आणि मोठ्यानं रडला. ऐकायला कोणी नव्हतं.

मुलगी जगली. खालच्या गावात ती रुसायला शिकली, भांडायला शिकली, दुसऱ्यांच्या झाडाच्या कैऱ्या पाडायला शिकली. राजा त्या किल्ल्यात एकटाच राहिला. भाकरी करपवत करपवत त्याला भाकरी करता येऊ लागली. मोठा दरवाजा एकट्यानं लोटता येत नसे म्हणून तो उघडाच असे. शत्रूही कधी आला नाही, कारण तिथं घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलगी कधी किल्ल्यावर येई, कधी महिनोन्‌महिने फिरकत नसे. आली की पायरीवर त्याच्याजवळ बसे, त्यानं केलेल्या भाकरीला नाक मुरडे आणि मनाला येईल तेव्हा उठून जाई. राजा तिला "बस" म्हणत नसे. "पुन्हा ये" असंही म्हणत नसे. म्हणावंसं फार वाटे, तेव्हा तो ओठ दाबून धरी. ती न येण्याचे दिवसच जास्त असत आणि ते त्याला फार जड जात. पण कधीतरी डोंगराच्या वळणावर ती चढताना दिसे. म्हातारा राजा मग भिंत धरून उभा राही आणि ती पोहोचेपर्यंत पाहत राही. तिला कोणी बोलावलेलं नसे.

तात्पर्य: ज्याला निघून जाता येतं, त्याच्या राहण्यालाच इमान म्हणावं.